चिकटलेला पिस्टन

पडवीत पोतं अंथरून भगवंतरावांनी जुन्या स्कूटरचं इंजिन उघडलं. दोन वर्षांपूर्वी याच स्कूटरवरून पडून त्यांचा मुलगा रणजित गेला होता. सून शैलजा ती विकू देईना. तिला ती दुरुस्त करून हवी होती.

सिलिंडर निघता निघेना. लाकडी हातोडीनं ठोकून त्यांनी तो सोडवला आणि त्यांचे हात थांबले. ऑईलवाचून तापून पिस्टन चिकटला होता. धावती स्कूटर एकाएकी जाम झाली होती. त्या सकाळी पेट्रोल त्यांनीच भरलं होतं, आणि त्यात ऑईल मिसळायचं राहून गेलं होतं.

दोन वर्षं ते भेटेल त्याला सांगत आले होते, "पोरगं सुसाट हाणायचं."

चहा घेऊन आलेल्या शैलजाला त्यांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. तिनं पिस्टनवरच्या ओरखड्यांवरून बोट फिरवलं.

"ते सावकाश चालवायचे, हे मी किती वेळा सांगितलं," ती म्हणाली. "आता हे आईंना सांगा."

भगवंतरावांनी हात पुसले. स्वयंपाकघरात बायको भाकरी थापत होती. दारातूनच ते म्हणाले, "रणजितची चूक नव्हती गं. माझी होती."