विरी गेलेलं पीठ

भाकर परत मधोमध तुटली. तानुबाईनं दोन्ही तुकडे तव्यावरून उचलले आणि पिठालाच शिवी हासडली. सुदानी माणसाच्या दुकानातलं ते ज्वारीचं पीठ. कवाचं दळलेलं, देव जाणे. त्याला विरीच राहिली नव्हती, चिकटपणा पार गेलेला. मळावं तर भुसभुशीत, थापावं तर कडेनं चिरा.

शारजात येऊन तिनं सुनेचं बाळंतपण काढलं, नातवाला तेल लावून खडखडीत केलं, पण भाकर काही साधत नव्हती. चूल नाही, काटवट नाही. विजेची शेगडी, अन् तिच्यावर सुनेचं काळं गुळगुळीत भांडं. त्यात भाकर शेकायच्या ऐवजी घाम गाळत बसायची. शेवटी लेकानं, सिद्धरामनं, कामावरून लोखंडाचा गोल पत्रा कापून आणला. तो तिनं कांदा-तेल चोळून तव्यासारखा केला. थापायला स्टीलचं ताट घेतलं. ते ओट्यावर नाचायचं, म्हणून खाली ओलं फडकं. सून ज्योती म्हणायची, आत्या, राहू द्या, दुकानातून पाव आणू. तानुबाई म्हणायची, बाळंतिणीला पाव चारायला मी काय इमानात बसून आले?

खरं तर तिचा जीव गावाकडं, निंबर्ग्याला लागला होता. नवरा, रामलिंग, छातीच्या दुखण्यानं बाजेवर पडून होता. बाळंतपण उरकलं की येते, असं त्याला सांगून ती निघाली होती. बाळंतपण उरकलं. रोज ती लेकाला म्हणायची, मला आता धाड बाबा, त्यांचं काय खरं न्हाई. रोज लेक म्हणायचा, धाडतो. सोमवारपासून तर फोनवर बोलणंसुद्धा झालं नव्हतं. गावात लाइट न्हाई, सिद्धराम सांगायचा. आप्पा झोपलाय. उद्या बोल.

आणि सोमवारपासूनच त्यानं ताटावरून अर्धपोटी उठायचं काढलं होतं. भाकरीचा तुकडा मोडायचा, बोटांत धरून बसायचा, पाणी प्यायचा. तानुबाईच्या हे फार जिव्हारी लागलं. बायकोच्या पावाची चटक लागली का रे, असं तिनं काल तोंडावर विचारलं. तो ताट सारून उठला. म्हणून आज ती इरेला पेटली होती. असली भाकर करते, की ताट चाटून उठला पाहिजे.

तिनं पाणी उकळलं. मूठभर पीठ त्यात घाटून उकड केली. ती कोरड्या पिठात कालवून, हात भाजेपर्यंत मळली. या खेपेला गोळा हाताला चिकटला. थापली, चीर पडली नाही. तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली, फडक्यानं कडा दाबल्या. भाकर टम्म फुगली. तानुबाई एकटीच हसली.

दाराची घंटी वाजली. खालच्या मजल्यावरची शोभाबाई, जनवाड्याची. दोघींचं कधी पटायचं नाही आणि एकमेकींवाचून करमायचंही नाही. जनवाड्याची भाकर म्हणजे गाडीचं चाक, असं तानुबाई म्हणायची. निंबर्ग्याची भाकर पंख्याखाली ठेवू नका, उडून जाईल, असं शोभाबाई म्हणायची. आज तिच्या हातात झाकलेलं ताट होतं.

"कामून गं, माझे हात मोडले म्हून कुणी सांगितलं व्हय?" तानुबाई म्हणाली. "माझ्या घरात जनवाड्याची भाकर कामून आणायलीस?"

शोभाबाईनं ताट ओट्यावर ठेवलं. तानुबाईच्या पिठानं भरलेल्या मनगटावर घडीभर हात ठेवला आणि निघून गेली. दार लागलं.

तानुबाईनं दुसरा गोळा घेतला. थापायला लागली. थापता थापता हात मंदावला. काहीतरी राहिलं होतं. शोभाबाई 'येते' म्हणाली नव्हती. ओट्यापासून लिफ्टपर्यंत 'येते अक्का, येते' करत जाणारी बाई. दुश्मनाच्या घरातूनसुद्धा माणूस 'येते' म्हणूनच उठतं. मयताच्या घरातून तेवढं म्हणत नाहीत.

तिनं ताटावरचं झाकण काढलं. जाडजूड भाकरी आणि पिठलं. पिठल्याला फोडणी नव्हती. मोहरीचा एक दाणा नव्हता. ज्या घरचं माणूस गेलं त्या घरात चूल पेटत नाही. शेजारणी असलं भाकर-पिठलं आणून देतात. कडू घास म्हणतात त्याला. बोलू नको म्हणून सिद्धरामनं शोभाबाईला शपथ घातली असणार. शपथ तिनं पाळली. रीत मात्र तिला मोडवली नाही.

तानुबाईनं शेगडी बंद केली.

आत ज्योती बाळाला पाजत होती. ओल्या बाळंतिणीसमोर हंबरडा फोडला तर दूध आटतं. तानुबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि ओट्याला धरून उभी राहिली. पदर भिजला. मग तिनं तोंड धुतलं.

संध्याकाळी सिद्धराम आला, हातपाय धुऊन जेवायला बसला. तानुबाईनं ताट पुढं सरकवलं. त्यानं भाकरीकडं बघितलं, मग पिठल्याकडं. मान वर करायची त्याची हिंमत झाली नाही.

"माय, ही भाकर तुझी न्हाई."

"न्हाई. घरची चालत न्हाई." ती त्याच्याजवळ खाली बसली, त्याच्या पाठीवर हात ठेवला. "खा, लेकरा. तुझा बाप गेलाय."