दुसऱ्या अल्बममधला हेल

मारोतरावांना आंघोळ घालून अंगणात ठेवलं, तरी विमलताईंच्या डोळ्यांतून टिपूस निघेना. बाया घाबरल्या. नवरा गेला आणि बाई रडली नाही, तर तिचं काही खरं नसतं. शेजारच्या हंसाबाईनं त्यांच्या गळ्यात पडून मोठ्यानं हेल काढला. विमलताई भिंतीला टेकून बसल्या त्या बसल्याच.

"कपिलले येऊ द्या," हंसाबाई म्हणाली. "पोराले पाह्यलं का रडते ते."

कपिल पुण्याहून आला. सारी आळी त्याला पाहायला लोटली. का नाही लोटणार? त्याच्या रॉक बँडच्या पहिल्या अल्बमला कुत्रं विचारत नव्हतं, पण दुसऱ्यानं पार धुमाकूळ घातला. त्यातलं एक गाणं तर जो तो गुणगुणतो. कान फाटतील अशा गिटारी, धडाधड ड्रम आणि त्यावर एका बाईचा आवाज: "माह्या राजा, मले टाकून कुठी गेला रे..."

तो आवाज विमलताईंचा. थोरला रजत वणीच्या रस्त्यावर कोळशाच्या ट्रकखाली गेला, तेव्हा त्या अशा रडल्या होत्या. कपिलनं ते मोबाइलवर घेतलं होतं. विकायला नव्हे हो, त्याला दुसरं काही सुचतच नव्हतं. पुढं गाण्यात घालताना त्यानं आईला विचारलंही होतं. "घाल," त्या म्हणाल्या होत्या. "रजतचं नाव राहीन." आता मैदानं भरून पोरं त्या हेलावर उड्या मारतात.

आजही दाराशी पोरं मोबाइल धरून उभी. कपिलनं हात जोडले, कोणी हललं नाही. हाकलणार तरी कसं? खांदा द्यायला तीच येणार होती.

तो आईपुढं बसला. तिचे हात गार पडले होते. त्यानं ते आपल्या हातांत धरले.

"माय, रड नं एकदा. तुह्या पाया पडतो."

विमलताईंनी मारोतरावांकडं पाहिलं. घशातून आवाज फुटला, "माह्या राजा..."

"...मले टाकून कुठी गेला रे," दारातल्या एका पोरानं हळूच पुढची ओळ म्हटली. थट्टेनं नाही. त्याचेही डोळे भरले होते.

विमलताईंनी तोंडात पदर कोंबला. बऱ्याच वेळानं तो काढून त्या कपिलला म्हणाल्या,

"माह्यापाशी तेवढंच एक रडणं होतं, बापू."