ॲल्युमिनियमचा नांगर

सुनेने विचारायची तसदीही घेतली नाही, हे डल्सीला जास्त लागलं. डल्सीच्या नवऱ्याच्या वेळचा लोखंडी नांगर टॅमसिनने सरळ शेडमध्ये नेऊन टाकला होता आणि बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, ॲल्युमिनियमचं एक चकचकीत, पातळ पात्यांचं काहीतरी आणून बांधलं होतं. डल्सीच्या मते ते केकचं भांडं होतं. बोट धरून ठेवायचं सोडा, जरा वारा सुटला की भांडंच उडून जाईल, असं तिने धक्क्यावर दोघातिघांना ऐकवलं. टॅमसिनला नीट ऐकू जाईल, एवढ्या आवाजात.

बोट तशी आता डल्सीची राहिली नव्हती. मागच्या हंगामाच्या शेवटी तिने ती मुलाला, लॅक्लनला देऊन टाकली होती. समुद्राचा वीट आला, असं सगळ्या बोवेन गावाला सांगून. आता लॅक्लन, टॅमसिन आणि त्यांची तान्ही मुलगी बेटांच्या कडेकडेने उत्तरेला निघणार होते. डल्सीला कुणी येतेस का म्हणून विचारलं नव्हतं. आपण होऊन विचारणाऱ्यांतली ती नव्हती. येताजाता बोटीत खोट काढायची, एवढंच तिच्या हातात उरलं होतं.

लॅक्लन त्याच्या पाळीप्रमाणे खाणीवर गेलेला. टॅमसिन म्हणाली, चल, खाडीबाहेर जाऊन नांगर टाकून बघू. सुनेला तोंडावर पाडायची अशी संधी डल्सी सोडणार नव्हती. चहाचा थर्मास घेऊन ती निघाली.

बाळाला छातीशी बांधून टॅमसिन मागे सुकाणूवर बसली. डल्सी पुढे नाळेवर. तिने जन्मभर केलं तेच केलं. नांगर धाडकन पाण्यात सोडला आणि बोट मागे घ्यायची खूण म्हणून हात वर केला. लोखंडी नांगर असा दगडासारखा तळाला जायचा. हा गेला नाही. पाण्यात पतंगासारखा तिरका तरंगत राहिला आणि बोट मागच्या मागे दुसऱ्या एका बोटीकडे सरकायला लागली. डल्सीने बोटं दोरावर ठेवली. दोर नुसता थरथरत होता, तळाला पकड नव्हती. तिला फार बरं वाटलं. आंब्याची कोय बांधली असतीस तरी याहून बरी धरली असती, असं तिने मागे ओरडून सांगितलं.

टॅमसिन चिडली नाही. हा फेकायचा नसतो, म्हणाली. झोपलेलं बाळ खाली ठेवतात तसा हळूच तळाशी टेकवायचा, दोर सैल सोडायचा आणि मग बोटीला आपली आपण मागे जाऊ द्यायचं. तुझ्या जन्माआधीपासून मी नांगर टाकतेय, असं डल्सी पुटपुटली. पण तिने तसंच केलं. दोर वाळूवर सैलावला. मग ताणला. टॅमसिनने इंजिन उलटं फिरवलं आणि बोट अशी गचकन थांबली, की डल्सीला शिडाची तार पकडावी लागली. तिने किनाऱ्यावरचं वठलेलं झाड आणि त्यामागचा खडक एका रेषेत धरून बराच वेळ पाहिलं. दोन्ही एकमेकांपासून सरकली नाहीत; बोट जागची हलत नव्हती.

"आता उचल," टॅमसिन म्हणाली.

डल्सीने दोर हातात घेतला. मागच्या हंगामात एका संध्याकाळी गावच्या धक्क्यासमोर लोखंडी नांगर अर्ध्यावर लटकत राहिला होता आणि तिचे दंड पुढे ओढेनात. शेवटी एक अनोळखी माणूस होडी वल्हवत आला आणि त्याने तो वर घेतला. तिने त्याला पिशवीभर आंबे दिले आणि त्याच आठवड्यात बोट मुलाच्या नावावर केली. ही गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. सुनेला आता आपलं हसं करायचं आहे, असं वाटून तिने रागाने दोर ओढायला सुरुवात केली. टॅमसिन बोट हळूहळू पुढे आणत होती. दोर सरळ उभा झाला. एक जोराचा हिसका, वाळूने पकड सोडली, आणि नांगर वर येत गेला, येतच गेला. डेकवर येऊन पडला तेव्हा डल्सी आपल्या पायांवर उभी होती आणि तिला धापही लागली नव्हती. ती आपल्या हातांकडे बघत राहिली.

टॅमसिनने इंजिन बंद केलं आणि बाळाला सावरत पुढे आली.

"त्या संध्याकाळी मी धक्क्यावर होते, डल्सी. लॅक्लनला मी काही बोलले नाही." तिने बाळाची झोळी नीट केली. "तो खाणीवर गेला की बोटीवर मी आणि बाळ. वारा फिरला, जागा बदलायची वेळ आली, की मी सुकाणूवर. मग इथे कोण? हा नांगर घेताना दुकानदार विचारत होता, बोट केवढी आहे. मी त्याला आधी तुझे हात सांगितले."

डल्सीने तोंड समुद्राकडे फिरवलं. अंगठ्याने पात्यावरची वाळू काढत बसली. वाळू संपली तरी काढतच होती.

"नांगर बरा आहे," शेवटी ती म्हणाली. "तू मात्र पक्की लबाड आहेस, पोरी. पुढची निजायची जागा माझी. तिथे कोंबलेले ते लंगोट आजच्या आज हलव."