तुंबलेलं नोजल

देविदासनं स्प्रेचा डबा खाली-वर हलवला. आतली गोळी खुळखुळली, पण दाबल्यावर लाल रंगाचा थेंबही बाहेर आला नाही.

“नोजल तुंबलं, साहेब,” तो जीपकडे वळून म्हणाला. “एवढं एक घर राहू द्या.”

तांड्यातल्या सोळा घरांवर फुल्या मारून झाल्या होत्या. सतराव्या, शेवटच्या घराच्या दारात भिकाबाई सकाळपासून ठेवणीतलं लुगडं नेसून उभी होती. शेजारच्या मिनानं कनेरगाव नाक्यावरून बातमी आणली होती: फुली मारली, फोटो निघाला, की घर यादीत. पक्कं घरकुल! त्यासाठी भिकाबाईनं बारा वर्षं चपला झिजवल्या होत्या. आता तिचा जीव टांगणीला लागला.

“राहू द्या म्हंजी? फोटोत खूण न्हाई आली तर?”

“तर तुमचं घर यादीत येत न्हाई, मावशी. यादी आजच जाऊन राहिली. तुमी आत जाऊन बसा.”

भिकाबाईला त्याचा भलताच राग आला. सोळा घरांना रंग पुरतो आणि म्हातारीच्या दाराशीच याचं घोडं अडतं!

“आन इकडं.” तिनं डबा हिसकावला. हळदीवर फवारणी करण्यात तिची वीस वर्षं गेली होती. नोजल साफ करायला तिला कुणी शिकवायला नको होतं.

“न्हाई निघत ते, मावशी.”

“काहून न्हाई निघत?”

तिनं नोजल उपटलं आणि चुलीवरच्या कोमट पाण्यात टाकलं. टाचणी घालायची नसते, छिद्र मोठं होतं. तिनं केरसुणीची बारीक काडी खालच्या बाजूनं हळूच सारली. वाळल्या रंगाऐवजी निघाला चिखल. “सामान कुठंबी टाकता,” ती करवादली. देविदास दोनदा काही बोलायला पुढे झाला आणि जीपकडे बघून मागे सरला.

पदरानं पुसून तिनं नोजल डब्यावर बसवलं, दगडावर दाबून पाहिलं. फुस्स करून लाल फवारा उडाला. भिकाबाईला हसू आवरेना.

“झालं ना चालू?” जीपमधून साहेब ओरडले. “मार मग!”

देविदासनं अगदी सावकाश फुली मारली. साहेबांनी फोटो काढला, तेव्हा भिकाबाई पदर सावरून फुलीशेजारी उभी राहिली. कुणी नको म्हणालं नाही. मग साहेब जीपमध्ये जाऊन बसले आणि गाडी चालू झाली.

“बांधकाम कवा सुरू व्हतं?” तिनं देविदासला विचारलं.

“बांधकाम न्हाई, मावशी. रस्ता रुंद होऊन राहिला. फुलीवाली घरं बुधवारी पाडणार.” तो खाली बघत हळू आवाजात बोलत होता. “तुमचं एक तरी वाचावं म्हून नोजलमदी चिखल म्याच कोंबला व्हता.”