सातांतली उत्तम पाच

जावयाला पुस्तकाचा उपयोग माशी मारण्यापुरताच ठाऊक. त्याला दिवाणखान्यात पत्त्यांचं टेबल हवं होतं. माझं पुस्तकांचं कपाट आड येत होतं. "बाबा, एक डाव. हरलात तर कपाट रद्दीत," तो म्हणाला. मग बोटं नाचवत नियम सांगितले: "दोन पानं आपापली, मधली पाच दोघांची. सातांतली उत्तम पाच धरायची. जोडीपेक्षा सलग पाच मोठी. डोक्यात शिरतंय ना?" मध्ये पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी, नव्वी उघडली. त्यानं दोन एक्के आपटले. "गेलं कपाट!" माझ्याकडे दुर्री आणि तिर्री. मी चाचरत म्हणालो, "मधली पाच सलग आहेत. म्हणजे तुमचीही उत्तम तीच, माझीही तीच. बरोबरी झाली." मुलगी फिस्सकन हसली. "माझ्या घरात एक्केच जिंकतात," तो गुरगुरला. "मग आधी खेळ शिकून या, जावईबापू. तोवर मी वाचत बसतो."