राहिलेले अध्याय

“एकदा उघडलेली पोथी अर्धी ठेवायची नसते, बरं का,” आईनं योगिनीला लहानपणीच सांगून ठेवलं होतं. त्यामुळे सायखेड्याच्या शाळेत आलेल्या लेखिकाबाईंनी नववीच्या मुलांपुढं गोष्टींची पुस्तकं मांडली, तेव्हा तिनं हात पाठीमागं नेले.

“मॅडम, ती गाईडसुद्धा उघडत नाय,” मागून कुणीतरी म्हणालं.

“वाचायला आवडत नाही का गं?” बाईंनी हळूच विचारलं.

“तसं नाय. सुरू केलं आन् संपलंच नाय तर?” योगिनी खाली बघत म्हणाली. “आईचं पारायण अर्धं राहिलं. तवापासून ती नाशिकला दवाखान्यात हाय. लय भीती वाटती.”

बाईंनी हातातलं पुस्तक बाजूला ठेवलं. “राहिलेले अध्याय घरातल्या कुणीही वाचले तरी चालतात, बाळा.”

“घरात वाचणारी मीच. पण मी अडखळते. पोरं हसतात.”

“अडखळत वाच. ऐकणारा थांबतो. वाचशील ना?”

योगिनीनं मान हलवली.

शाळा सुटल्यावर तिनं हातपाय धुतले, देव्हाऱ्यातली पोथी लाल फडक्यात गुंडाळून छातीशी धरली, आणि आईला ऐकवायला नाशिकच्या बसमध्ये जाऊन बसली.