कुणालाही सुचलं असतं

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी ते चेस्टनटच्या झाडाखाली बिअर पीत पेटंटच्या अपिलाचा मसुदा वाचत होते. लोकांचे दात उपटण्यात जन्म गेलेल्या या माणसाने निवृत्तीनंतर गावच्या बँडसाठी ट्युबा या भल्यामोठ्या पितळी वाद्याचा स्टँड बनवला होता, आणि त्याला बिअरचा मग अडकवायची कडी होती. कार्यालयाने पेटंट नाकारलं होतं: स्टँडची कल्पना जुनी, कडीचीही जुनी, ट्युबा वाजवणाऱ्या कुणाही जाणकाराला ही जोडी सहज सुचली असती.

“हा जाणकार कोण?” बाबांनी विचारलं.

“काल्पनिक असतो, बाबा. कायद्यापुरता.”

“म्हणजे जो नाहीच, त्याला सुचलं. आणि मी इथे जिवंत बसलोय, तर माझी अक्कल जमेस धरायची नाही. बुर्गी, तू लहानपणापासून ट्युबा वाजवतेस. खरं सांग, तुला सुचलं असतं?”

“सॉसेज गार होतंय, बाबा. खा आधी.”

अपील मग मी पुढे चालवलं. म्युनिकमधल्या सुनावणीत अध्यक्षबाईंनी तेच जाणकाराचं वाक्य वाचलं आणि कुणाला काही बोलायचंय का, असं विचारलं. आमचे वकील कागद चाळत राहिले. मी उठले.



“ट्युबा मी वाजवते, बाई. माझा मग वर्षानुवर्षं खुर्चीखाली असतो आणि दर जत्रेत माझ्याच लाथेने सांडतो. मला नसतं सुचलं, बाबा.”